कानाची पाळी

चोडणच्या शाखेत बदली झाली तेव्हा
मिरजेहून पुरेशी भाषा घेऊन आले होते मी.
कोकणी अर्धी कळायची,
उरलेली हसून भरून काढायची.

रायबंदरच्या धक्क्यावर पहिल्याच सकाळी
फेरीबोटीवरच्या सोयरूने
एक शब्द न बोलता मला स्कूटरसकट जागेवर लावलं.
दोन बोटं स्वतःकडे : ये.
तळवा खाली दाबत : हळू.
मग मूठ.
आणि वर हनुवटीचा एक झटका, जो मला लागेना.
मी इंजिन बंद केलं. त्याची मान नाही म्हणाली.
चावी काढली. तरी नाही.
शेवटी तो वाकला
आणि चाकाशी लोंबणारं ओढणीचं टोक
माझ्या हातात देऊन गेला.
मागे सगळी बोट गप्प राहून हसत होती.

काउंटरवर बसून बसून मग वाचता यायला लागलं थोडंफार.
चष्मा घरी राहिला म्हणतात फोंडूबाब,
आणि खिशातून चष्म्याची दांडी डोकावत असते.
मी खिशाकडे बघत नाही,
स्लिप उलटी फिरवून माझ्याकडे ओढते.
एकदा एक मुलगा आईला घेऊन आला,
रक्कम त्यानेच सांगितली, खणखणीत.
तिने नुसता अंगठा मुठीत मुडपून घेतला.
मी म्हटलं, सिस्टीम बंद आहे, उद्या या.
उद्या ती एकटी आली.
पैसे काढायला नाही. बसली पंख्याखाली जराशी, आणि गेली.

एवढं येतंय म्हणून फुशारले होते,
तर घरमालकिणीपाशी आपटले.

क्वितेरिया मिनेझिस, वय शहात्तर,
बाल्कांवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची हजेरी घेणारी.
एका संध्याकाळी तिला पिठलं नेऊन दिलं, लसणीची फोडणी घातलेलं.
तिने घास घेतला, डोळे मिटले,
आणि चिमटीत कानाची पाळी धरून हलवली.

आमच्याकडे कान धरतात ते चुकलं म्हणून.
मी गडबडले. अहो, असू दे, असू दे,
काही नाही चुकलं तुमचं.
ती बघतच राहिली माझ्याकडे.
वाडगा धुऊन परत आला, आत दोन जांब होते,
पण देताना तिने दाराच्या कडीकडे बघितलं.
दोन दिवस तसंच.

सोयरूला सांगितलं तर तो रेलिंगला धरून हसला.
अगो, म्हणजे एकदम बरें जालां!
बापायने तिच्या मोझांबिकहून आणलेली खोड ती,
तिच्या घरात सगळेच जेवणावर कान धरतात.

त्या रात्री पुन्हा पिठलं.
ह्या वेळी आधी मीच चाखलं आणि धरला कान.
क्वितेरियाने माझ्या मांडीवर एक सणसणीत चापट मारली.
झालं, मिटलं.

मेमध्ये मिरजेला गेले. भावाच्या घरी,
वाटणीच्या कागदांनंतर पाच वर्षांनी.
वहिनीने मध्ये पडून बोलावलं होतं.
ताटं समोरासमोर,
तो मान खाली घालून जेवतो तसाच, लहानपणापासून.
कोणी विचारलं गोव्यात उकडतं का फार, मी म्हटलं हो.
मग कटाची आमटी ओरपली,
आणि हात आपला आपण गेला कानाकडे.

वहिनीची पळी वाटीवर थांबली.
भावाने मान वर केली.
त्या घरात कान धरण्याचा अर्थ एकच होता,
शाळेपासून, वडिलांच्या छडीपासून, तोच एक.

हात खाली घेता आला असता.
सांगताही आलं असतं, अरे, तिकडची सवय लागलीय,
आमटी छान झालीय, एवढंच.
मी पाळी सोडली नाही.

त्याने नजर पुन्हा ताटात नेली
आणि डाव्या हाताने पाण्याचा तांब्या
माझ्या बाजूला सरकवला.
फार नाही. चार बोटं.

आमटी खरंच छान झाली होती.